गिझरचा दिवा विझला की नळाला मुंग्या: एका फ्लॅटच्या वायरिंगचं प्रकरण

पुण्यात कोथरूडच्या बाजूची १९८४ सालची सोसायटी. तिसरा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात निवृत्त काका-काकू, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. कॉमन बाथरूममध्ये १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर आणि बेडरूमला लागून असलेल्या बाथरूममध्ये तसाच दुसरा. काकूंना आता स्वयंपाकघरातही ३ लिटरचा इन्स्टंट गिझर हवा होता. मला बोलावलं ते या तिसऱ्या पॉइंटसाठी. 'एक पॉइंट काढायचाय, अर्ध्या दिवसाचं काम' असा निरोप होता.

पण घरात शिरल्यावर पहिल्यांदा दाखवला गेला तो आतल्या बाथरूमचा १६ अँपिअरचा प्लग. न्यूट्रलच्या (वीज परत नेणाऱ्या वायरच्या) पिनेभोवती तपकिरी पडलेला, टॉप हातात घेतला तर पिना ढिल्या. मग एकेक तक्रार बाहेर यायला लागली. दोन्ही गिझर एकदम लावले की मेनचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडायचा, म्हणून कुणीतरी १६चा काढून ३२चा टाकून दिलेला. आणि आतल्या बाथरूममध्ये गरम पाण्याच्या नळाला अधूनमधून मुंग्या येतात. रोज नाही. कधी चार दिवस काही नाही, कधी सलग दोन सकाळी.

गिझर दुरुस्तीवाल्यानं येऊन हीटिंग एलिमेंट बदललं होतं, मग थर्मोस्टॅट. मुंग्या तशाच.

काकूंनी एक गोष्ट सांगितली, तीही जरा बिचकत, कारण आधी त्यावर हसू झालं होतं. 'अहो, गिझरचा तो लाल दिवा विझतो ना, तेव्हाच मुंग्या येतात. दिवा लागलेला असला की काही नसतं.' दुरुस्तीवाल्यानं त्यांना समजावलं होतं, की दिवा विझला म्हणजे गिझरमध्ये करंटच नाही, मग शॉक लागेल कसा? ऐकायला बिनतोड वाटतं. पण हे सगळं प्रकरण काकूंच्या त्या एका वाक्यात होतं.

मोजमाप

मी आधी मल्टिमीटर काढला. आतल्या बाथरूमच्या सॉकेटवर फेज (वीज आणणारी वायर) ते न्यूट्रल २२९ व्होल्ट, फेज ते अर्थ (गळती जमिनीत नेणारी वायर) २२९, न्यूट्रल-अर्थ शून्य. टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला आणि दुसरी अर्थच्या भोकात घातली तर लॅम्प लख्ख पेटला. बहुतेक वायरमन इथेच 'अर्थिंग ओके' म्हणून पुढे जातात.

मला खटकलं ते ते शून्य. चालू घरात न्यूट्रलमधून करंट वाहत असतो, त्यामुळे खरं अर्थिंग आणि न्यूट्रल यांच्यात एखाद-दोन व्होल्टचा फरक जवळजवळ नेहमी दिसतो. दोन्ही गिझर लावून पुन्हा मोजलं, तरी शून्य. चाळीस वर्षांच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एवढं चोख अर्थिंग? मेन बंद करून सॉकेट उघडलं. अर्थच्या टर्मिनलमधून हिरव्या वायरचा बोटभर तुकडा निघाला होता आणि तो शेजारच्याच न्यूट्रलच्या स्क्रूखाली कसलेला होता. म्हणजे अर्थिंग नव्हतंच. न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडून दिलं होतं.

हा उद्योग आपल्याकडे सर्रास चालतो. अर्थची वायर सापडत नाही, गिऱ्हाईक घाईत असतं, आणि लूप मारला की टेस्ट लॅम्प पेटतो. लॅम्पला काय, करंट परत जायला वाट मिळाली की झालं. ती जमिनीतून जाते की न्यूट्रलमधून, हे तो सांगू शकत नाही.

मग खरी अर्थ कुठली धरायची? खाली मीटर रूममध्ये अर्थची पट्टी होती. तिथून एक लांब वायर जिन्यातून वर आणली आणि मीटरचं एक टोक त्या वायरला, दुसरं गिझरच्या इनलेटच्या नटाला लावलं. गिझर बंद असताना एक-दीड व्होल्ट. दोन्ही गिझर चालू केल्यावर ७ व्होल्ट. पाण्याच्या टाकीचं धातूचं अंग न्यूट्रलच्या मागे-मागे वरखाली होत होतं. आणखी एक आकडा घेतला: दोन्ही गिझर चालू असताना डीबीत (जिथून घरातल्या सगळ्या लाइनी निघतात त्या बोर्डात) २२८ व्होल्ट होते आणि आतल्या सॉकेटवर २१५. मधले १३ व्होल्ट कुठे गेले?

जॉइंट बॉक्समधला पीळ

मूळ वायरिंग ॲल्युमिनियमचं होतं. त्या काळच्या इमारतींमध्ये ते नेहमीचंच. पॉवरची २.५ चौरस मिलिमीटरची एकच लाइन डीबीपासून निघून कॉमन बाथरूमच्या वरच्या जॉइंट बॉक्सपर्यंत यायची. पुढे काही वर्षांपूर्वी आतलं बाथरूम नवं केलं तेव्हा टाइल्सवाल्यांच्याच ओळखीच्या माणसानं तिथून १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुढे नेली. ॲल्युमिनियम आणि तांबं एकमेकांना पीळ देऊन जोडलं, वर टेप.

इथे जरा थांबायला हवं, कारण जळलेल्या प्लगांची निम्मी कुळकथा अशा पिळात सापडते. ॲल्युमिनियमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा थर चढतो आणि तो थर वीज वाहू देत नाही. शिवाय ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि दाबाखाली हळूहळू सरकतं. रोज सकाळी गिझर लागला की जॉइंट तापतो, बंद झाला की गार होतो, आणि प्रत्येक वेळी पीळ किंचित सैल पडतो. सैल पडला की अजून तापतो. त्यात बाथरूमची वाफ असली की दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो.

बॉक्स उघडला तेव्हा टेप वितळून काळा गोळा झाला होता. मोजलेल्या १३ व्होल्टांपैकी साधारण निम्मे वायरच्या लांबीचे होते, ते हिशेबात बसत होते. उरलेले इथे आणि थोडे प्लगमध्ये जात होते. नुसत्या न्यूट्रलच्या जॉइंटवर साडेतीन व्होल्ट मिळाले. वाहणारा करंट १६ अँपिअर. गुणाकार केला की ५६ वॅट. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते. अशा दोन इस्त्र्या एका बंद प्लास्टिकच्या डबीत रोज सकाळी अर्धा तास लावून ठेवल्यासारखं ते होतं.

आणि हे कुठलाही एमसीबी पकडत नाही. जॉइंट कितीही तापला तरी लाइनमधला करंट १६ अँपिअरच राहतो, उलट किंचित कमीच होतो. त्यात ॲल्युमिनियमच्या २.५च्या वायरवर ३२चा एमसीबी! कन्ड्यूटमधली (भिंतीतल्या नळीतली) ती वायर १६ अँपिअरच्या आसपासची. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो, गिझर चालू राहावा म्हणून नाही. तो सारखा पडत होता तो आपलं काम करत होता.

आता काकूंचा दिवा. बाथरूममध्ये कुणी नाही, नळाला कुणी हात लावणार नाही हे बघून आणि हेल्परला दारात उभं करून, मीटर टाकीच्या नटावर तसाच ठेवून, मी लाकडी दांड्यानं न्यूट्रलचा तो गोळा जरासा हलवला. गिझरचा दिवा विझला. मीटर ७ वरून थेट २२० च्या पुढे गेला. दांडा काढला, दिवा लागला, मीटर परत ७ वर.

(हा प्रयोग घरी कुणी करू नये. मेन बंद करून बॉक्स उघडून बघितलं तरी काळा गोळा दिसतोच.)

न्यूट्रल तुटला की एलिमेंटमधून परतीचा रस्ता बंद होतो, म्हणून दिवा जातो. पण फेज एलिमेंटमधून पुढे सॉकेटच्या न्यूट्रलपर्यंत येऊन उभी असतेच. २ किलोवॅटच्या एलिमेंटचा रेझिस्टन्स जेमतेम साडेसव्वीस ओहम, म्हणजे अडवणारं काही नाही. न्यूट्रलपासून त्या बोटभर हिरव्या लूपमधून ती अर्थच्या पिनेला आणि तिथून टाकीला जाते. त्यामुळे गिझर बंद पडल्यासारखा दिसतो आणि नेमकी तेव्हाच अख्खी टाकी २३० व्होल्टवर असते.

मग नुसत्या मुंग्याच का?

सूनबाईंनी हा प्रश्न विचारला आणि तो रास्त होता. उत्तर प्लंबिंगमध्ये आहे. बाथरूम नवं करताना जुने जीआय (लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) टाकले गेले. गिझर ते मिक्सर हा दीडेक मीटरचा रस्ता आता प्लास्टिकचा, त्यात फक्त पाणी. नळाच्या पाण्याची अशी बारीक लांब रेघ लाखो ओहमचा अडथळा धरते. २३० व्होल्टला त्यातून मिलिअँपिअरच्या आतच करंट येतो. माणसाला साधारण अर्ध्या मिलिअँपिअरपासून कळायला लागतं, म्हणून मुंग्या. पण टाकीला लागलेल्या स्टीलच्या जाळीच्या पाइपला ओल्या अंगानं कुणाचा हात गेला असता, तर मध्ये पाण्याची रेघ नव्हती.

याच सीपीव्हीसीची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. जीआय पाइप होते तेव्हा टाकीचं अंग पाइपातून भिंतीत, तिथून जमिनीत असं आपोआप, न मागता अर्थ होत होतं. ते अर्थिंग कुणी केलेलं नव्हतं आणि त्यावर भिस्त ठेवणंही चूकच, पण चाळीस वर्षं त्यानं कित्येक घरांतल्या वायरिंगच्या चुका झाकल्या. प्लंबरनं पाइप बदलला आणि ते गेलं. प्लंबरला हे ठाऊक नसतं, वायरमनला पाइप बदलल्याचं कुणी सांगत नाही, आणि टाइल्सवाला दोघांच्या मध्ये झिऱ्या बुजवून मोकळा होतो. या घरात जुनी अर्थची तार झिरी मारताना तुटली होती. तिचं टोक नंतर मला प्लॅस्टरच्या आत सापडलं.

खालची अर्थ

कॉमन बाथरूमची अर्थ शाबूत होती, १४ गेजची जीआय तार. पण ती जिथे जाते तो खड्डा कुठे आहे, हे सोसायटीत कुणालाच माहीत नव्हतं. सेक्रेटरींनी जुना नकाशा काढला तेव्हा कळलं, की तो पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकखाली गाडला गेलाय. पाणी घालायचं फनेल वगैरे सगळं आत. अर्थ टेस्टरनं मोजलं: ३८ ओहम.

३८ ओहम म्हणजे काय? फेज टाकीला पूर्ण चिकटली तर २३० भागिले ३८, म्हणजे ६ अँपिअर वाहतील. १६चा एमसीबी ६ अँपिअरला जन्मात पडणार नाही. टाकी जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर राहील आणि मीटर पळत राहील. 'अर्थिंग आहे ना, मग झालं' असं म्हणणाऱ्यांनी हा एवढा भागाकार करून बघावा.

आरसीसीबी असेल तर चित्र बदलतं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक बघतो आणि १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कुठेतरी पडतोच. तेवढ्या करंटला ३८ ओहमवर जेमतेम एक व्होल्ट तयार होतो. पण या घरात तो होता कुठे? होता. लोक अजून त्याला ईएलसीबी म्हणतात. डीबीत बसवलेला होता, सारखा पडतो म्हणून दोन वायरी बाजूनं फिरवून त्याला वगळलेलं. त्याच्या पडण्याचं कारणही निघालं: कॉमन बाथरूमच्या गिझरचं एलिमेंट. मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर) ०.०२ मेगाओम, म्हणजे एकट्याची गळती ११ मिलिअँपिअरच्या वर, त्यात बाकी घराची भर. ५०० व्होल्टला निदान १ मेगाओम तरी हवा.

आतल्या बाथरूमच्या बाबतीत मात्र तो आरसीसीबी जागेवर असता तरी अपुरा होता. तिथे टाकीत फेजची गळती झाली तर ती लूपमधून न्यूट्रलनंच परत जाणार, आरसीसीबीला दोन्ही बाजू समान दिसणार, तो गप्प बसणार. माणसाच्या अंगातून जायला लागेल तेव्हाच पडणार.

काय केलं

नवा पॉइंट बाजूला राहिला आणि मीटरपासून काम काढावं लागलं. काका आधी तयार नव्हते. 'तो लूप काढा, जॉइंट नीट करा, बाकी पुढच्या दिवाळीला बघू.' त्यांना मी वितळलेला गोळा हातात दिला आणि हिशेब कागदावर मांडला: २ किलोवॅटला ८.७ अँपिअर, असे दोन, वर इन्स्टंटचे १३. एकूण ३० च्या पुढे, आणि घराचं मीटर ५-३० अँपिअरचं. तिन्ही गिझर एकदम चालवायचे नाहीत, हे तिथेच ठरलं. बिलावर मंजूर भारही तुटपुंजा होता. तो वाढवण्याचा अर्ज परवानाधारक ठेकेदाराच्या टेस्ट रिपोर्टसह महावितरणकडे गेला.

सूनबाईंनी गॅस गिझर सुचवला. बंद बाथरूममध्ये मी तो बसवू देत नाही. खिडकी बंद असली की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि हिवाळ्यात खिडकी बंदच असते. चर्चा तिथेच संपली.

मीटर ते फ्लॅट १० चौरस मिलिमीटर तांबं, सोबत तेवढ्याच जाडीची हिरवी. डीबी नवा. गिझरांसाठी वेगळा ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे एखादं एलिमेंट गळायला लागलं तर फ्रिज आणि दिवे जाणार नाहीत. चांगल्या गिझरची मान्य गळती किलोवॅटमागे पाऊण मिलिअँपिअर, त्यामुळे तीन मिळूनही उगाच पडायची भीती नाही. प्रत्येक गिझरसाठी स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) लावणं याहून सरस, पण बजेट तिथवर ताणलं नाही.

डीबीपासून प्रत्येक गिझरला स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिलिमीटर तांबं, अर्थही ४चीच, आणि मध्ये एकही जॉइंट नाही. एमसीबी १६चे. २ किलोवॅटला २.५ची वायर चालते, हे खरं. पण घर एकदा उकरल्यावर पुढच्या माणसानं ३ किलोवॅटचा गिझर लावला तरी वायर पुरावी, एवढाच विचार. जुन्या कन्ड्यूटमधून वायर ओढायची स्प्रिंग पुढे सरकेना, नव्या टाइल्स फोडायच्या नव्हत्या. म्हणून माळ्यावरून केसिंग-कॅपिंग (वायर झाकायची प्लास्टिकची पट्टी) फिरवलं आणि बाथरूमच्या भिंतीला वरून भोक पाडून गिझरजवळ उतरलो. सॉकेट फरशीपासून सव्वादोन मीटरच्या वर, शॉवरच्या विरुद्ध बाजूला. स्विच बाहेर, २० अँपिअरचा डबल पोल. बंद केला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही सुटतात.

स्वयंपाकघर आणि आतलं बाथरूम यांच्यात चेंजओव्हर स्विच ठेवला: एका वेळी एकच. यावर घरात बरीच खडाजंगी झाली. नातीच्या शाळेच्या वेळेलाच काकूंना भांड्यांसाठी गरम पाणी हवं असतं. काकू जिंकल्या. स्विच स्वयंपाकघरात बसला.

अर्थसाठी सोसायटीला नवा खड्डा घ्यायला लावला. पेव्हर ब्लॉक उचकटायला कमिटी राजी नव्हती, मग बागेच्या कोपऱ्यात, पाण्याच्या नळाजवळ. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ, वर झाकणाचा चेंबर. जुन्या खड्ड्यालाही जोडून घेतला. दोन्ही मिळून ४ ओहमच्या आत आलं.

शेवटी काकूंचा दिवा पुन्हा तपासला. डीबीत न्यूट्रल सोडवून ठेवला, फेज चालू. दिवा बंद, आणि टाकी ते अर्थ शून्य. कॉमन बाथरूमचं एलिमेंट बदललं. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून दाखवलं आणि महिन्यातून एकदा दाबायला सांगितलं. दोन्ही गिझर चालू असताना आतल्या सॉकेटवर आता २२६ व्होल्ट मिळतात. २१५ व्होल्टला तोच गिझर साडेसतराशे वॅट घेत होता, आता १,९०० च्या वर घेतो. नवा गिझर आणला का, असं शेजारच्यांनी काकूंना विचारलं म्हणे.

दिवे-पंख्यांची लाइन अजून जुन्या ॲल्युमिनियमवरच आहे. तिच्यावर भार कमी आहे, जॉइंट उघडून बघितले, काळे पडलेले नाहीत. त्यावर ६ अँपिअरचे एमसीबी आणि वेगळा आरसीसीबी लावून ठेवलाय. काकांची तयारी झाली की तेही बदलू. दरम्यान सेक्रेटरींनी सोसायटीतल्या ज्यांनी ज्यांनी बाथरूम नवं केलंय त्या घरांची यादी मागवली आहे. पहिल्या दोन घरांत सॉकेट उघडलं, एकात तोच हिरवा लूप निघाला.